पडदा काळा, मशीन जिवंत

सकाळी ९. क्रांती चौकातून बाबा पेट्रोल पंप, नगर नाका, छोटं पंढरपूर करत वाळूज एमआयडीसी गाठली. एका कारखान्यातला लेबल छापणारा डबीएवढा पीसी अडून बसलाय. "दादा, गेला का हो कायमचा?" ऑपरेटरचा पहिला प्रश्न. मी नम लॉक दाबलं. दिवा लागला, विझला. म्हणजे लिनक्सचा गाभा असलेला कर्नल जागा आहे, घोळ फक्त चित्राचा.

अक्षरं दिसत होती, पण डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात कोंबलेली. बाकी पडदा काळा. इंटेल ॲटमच्या जुन्या बोर्डांचं हे दुखणं ओळखीचं. या बोर्डांवर लॅपटॉपच्या पॅनेलसाठी एलव्हीडीएस नावाची जोडणी असते. पॅनेल कुणी लावलेलंच नसतं, तरी बायॉस ते आहे असं सांगतो. कर्नल बिचारा विश्वास ठेवतो आणि दोन्हींत जो पडदा लहान, त्याच्या मापात कन्सोल, म्हणजे नुसत्या अक्षरांचा पडदा, आखतो. नसलेल्या पडद्याचं माप खऱ्या मॉनिटरच्या माथी. जोडण्यांची यादी काढून पाहिली: 'एलव्हीडीएस-१, कनेक्टेड'. कर्नलला सुरू करणाऱ्या ग्रबच्या फाइलीत कर्नलच्या ओळीला 'व्हिडिओ=एलव्हीडीएस-१:डी' जोडलं. शेवटचा 'डी' म्हणजे ही जोडणी बंद. मग 'अपडेट-ग्रब', रीस्टार्ट, आणि अक्षरं पडदाभर. ऑपरेटर नवा मॉनिटर मागवायच्या बेतात होता.

दुपारी १२. शहरातल्या एका कॉलेजची लॅब. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चे मोफत अपडेट थांबवले. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि नवा प्रोसेसर लागतो, तो इथे नाही. चालती मशीन भंगारात घालण्यापेक्षा लिनक्स टाकायचं सरांनी ठरवलं, आणि मला ते मनापासून पटलं. पण एनव्हिडियाचं जुनं कार्ड असलेल्या मशीनवर ग्रबचा मेनू दिसतो आणि पुढे अंधार.

पूर्वी रिझोल्यूशन ठरवायचं काम डेस्कटॉपचं चित्र काढणारा एक्स सर्व्हर करायचा. २००९ मध्ये २.६.२९ या आवृत्तीपासून ते कर्नलकडे यायला लागलं, आधी इंटेलच्या चिपसाठी, मग इतरांसाठी. मोड बदलतानाच ड्रायव्हर अडखळला की चित्र जातं. मेनूवर 'ई' दाबायचं, 'लिनक्स'नं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' लिहायचं, एफ १०. डेस्कटॉप आला. बरेच जण तोच शब्द ग्रबच्या फाइलीत कायमचा लिहून हात झटकतात, ते मला पटत नाही. तसंच सोडलं तर रिझोल्यूशन अडकतं, व्हिडिओ रखडतो. मी कार्डाला जुळणारा ड्रायव्हर टाकला. सोबत 'क्वायट' आणि 'स्प्लॅश' हे शब्दही खोडले. सुरू होताना मशीन काय काय करतंय ते सांगत असतं, ते सुंदर लोगोमागे का झाकायचं?

दुपारी ३. लाइट गेली, डबा खाल्ला. लाइट आल्यावर एका मुलीनं विचारलं, "सर, फाइलचं नाव मराठीत दिलं तर कन्सोलवर चौकोन का येतात?" प्रश्न नेमका होता. कन्सोलच्या फॉन्टात जास्तीत जास्त ५१२ आकार मावतात आणि एका घरात एक चिन्ह बसतं. आपली पहिली वेलांटी उच्चारात नंतर, कागदावर आधी. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. ही जुळवाजुळव कन्सोलला येत नाही, म्हणून नुसता फॉन्ट बदलून भागत नाही. डेस्कटॉपवरच्या टर्मिनलमध्ये तिला तेच नाव वाचता आलं. पण मशीन बिघडल्यावर समोर असतो तो कन्सोलच, आणि तिथे आपली लिपी नाही, हे मला खुपतं.

संध्याकाळी ७. उस्मानपुऱ्यातल्या माझ्या दुकानात फोन वाजला. लॅब असिस्टंट. "सर, एक मशीन वर येईना."

"शेवटच्या ओळीत काय आहे?"

"रन एफएससीके मॅन्युअली."

दुपारी लाइट गेली तेव्हा त्या मशीनला यूपीएस नव्हता. डिस्कच्या त्या भागाचं नाव त्याच्याकडून वाचून घेतलं, डिस्क तपासून दुरुस्त करणारी ती एफएससीके कमांड अक्षर-अक्षर सांगितली, प्रत्येक प्रश्नाला 'वाय' दाबायला लावलं. मशीन वर आलं. मी गाडी काढलीच नाही.