ख्रिस्ती उपासनावर्ष आणि आगमनकाळाचा आरंभ

ख्रिस्ती उपासनावर्षाचा प्रारंभ १ जानेवारीस होत नाही. रोमन परंपरेत तो नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी, म्हणजेच ३० नोव्हेंबर या संत आंद्रेय यांच्या सणाला सर्वांत जवळ असलेल्या रविवारी होतो. तेथून नाताळापर्यंतच्या कालखंडास आगमनकाळ म्हणतात. आपल्याकडील लेखनात त्याचे वर्णन बहुधा ‘नाताळाची पूर्वतयारी’ एवढ्यावरच आटोपते. ते चुकीचे नसले तरी अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

उपासनावर्षाची मांडणी दोन सणांभोवती झाली आहे. ईस्टर चांद्रगणनेवर अवलंबून असल्याने दरवर्षी सरकतो. नाताळ २५ डिसेंबरला स्थिर आहे. आगमनकाळाचा संबंध दुसऱ्याशी असल्यामुळे त्याचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर याच मर्यादेत येतो. कालावधी मात्र बदलतो: २०२२ मध्ये तो २८ दिवसांचा, तर २०२३ मध्ये अवघ्या २२ दिवसांचा होता. ३ डिसेंबर हा संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण असल्याने गोव्याच्या दृष्टीने ही शेवटची तारीख विशेष ठरते. दोन्ही एकाच दिवशी आल्यास, उपासनेच्या सर्वसाधारण नियमानुसार, अग्रमान रविवारास मिळतो.

‘आगमन’ या संज्ञेमागील मूळ लॅटिन शब्द ‘आद्वेंतुस’ होय. रोमन साम्राज्यात सम्राटाच्या नगरप्रवेशासाठीही तो योजला जाई. या अर्थच्छटेकडे दुर्लक्ष करून चालणार नाही, कारण पहिल्या रविवारच्या शुभवर्तमानात गव्हाणी, मेंढपाळ वा तारा यांपैकी काहीच नसते. १९६९ च्या वाचनपाठानुसार मत्तय, मार्क आणि लूक यांची तीन वर्षांची आवर्तने चालतात. परंतु तिन्ही वर्षी या दिवशीचा विषय एकच, ख्रिस्ताचे युगान्तीचे पुनरागमन आणि त्यासाठी जागृत राहण्याचा उपदेश. जन्मकथेकडे उपासनेचा रोख प्रामुख्याने १७ डिसेंबरपासून वळतो. वर्षाचा आरंभ जगाच्या शेवटाच्या चिंतनाने व्हावा, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. तथापि सरत्या वर्षाच्या अखेरच्या आठवड्यांतील वाचनेही याच विषयाची असतात. अकरावे पायस यांनी १९२५ मध्ये सुरू केलेला ख्रिस्तराजाचा सण पूर्वी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी येत असे. १९६९ च्या सुधारणेने तो उपासनावर्षाच्या शेवटच्या रविवारी आणला. त्यामुळे जुन्या वर्षाचा शेवट आणि नव्याचा आरंभ यांतील सांधा जवळजवळ जाणवत नाही.

जांभळी वस्त्रे आणि गौरवगीताचा अभाव यांतून या काळाचे संयमी रूप दिसते. त्याचे एक मूळ प्राचीन गॉलमधील उपवासात आहे. तो ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून सुरू होई. मिलानच्या आंब्रोसी परंपरेत आजही आगमनकाळाचे सहा रविवार आहेत. दुकानांतून ऐकू येणारी नोव्हेंबरमधील नाताळगीते या संयमाशी मुळीच जुळत नाहीत, हे जाता जाता नोंदवावेसे वाटते.

पौर्वात्य मंडळ्यांची व्यवस्था याहून निराळी आहे. बायझंटाईन वर्ष १ सप्टेंबरला सुरू होते. केरळच्या सिरो-मलबार परंपरेचे वर्ष रोमन वर्षाबरोबरच सुरू होत असले, तरी तेथील पहिल्या काळास मंगलवार्तेचे नाव आहे. देवदूताने मरियेस दिलेला संदेश हा त्याचा केंद्रबिंदू असल्याने तेथील उपासकाची दृष्टी पहिल्या आठवड्यापासूनच येशूजन्माकडे लागलेली असते.