उमेदवारी आणि सावलीचे गणित

वर्गात पश्चिमेच्या खिडकीजवळ बसणाऱ्या मुलांना एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. मार्च महिना लागला की दुपारी चारच्या सुमारास उन्हाची तिरीप थेट वहीवर येते, फळा चमकू लागतो आणि मास्तरांचे अक्षर दिसेनासे होते. खिडकीवर चांगला हातभर छज्जा असतो. मग ऊन आत येते कसे? आणि तेवढाच छज्जा असलेल्या दक्षिणेच्या खिडकीत मात्र भर दुपारीही सावली का असते?

सत्तरहून अधिक वर्षांपूर्वी पॅरिसमधल्या एका कचेरीत हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर सोडवला जात होता. ज्या इमारतींसाठी तो सोडवायचा होता त्या भारतात उभ्या राहायच्या होत्या. आणि त्या कचेरीत काम करणाऱ्या तरुणांमध्ये पुण्यात जन्मलेला एक उमेदवार होता. त्याचे नाव बाळकृष्ण दोशी.

पुण्याहून पॅरिसला

दोशींचा जन्म २६ ऑगस्ट १९२७ रोजी पुण्यात झाला. घरी लाकडी सामान बनवण्याचा धंदा होता, म्हणजे माप, सांधा आणि रंधा या गोष्टी लहानपणापासून डोळ्यांसमोर होत्या. १९४७ साली त्यांनी मुंबईच्या सर जे. जे. संस्थेत वास्तुकलेचा अभ्यास सुरू केला आणि १९५० मध्ये पुढील शिक्षणासाठी ते बोटीने लंडनला गेले.

१९५१ साली इंग्लंडमधील हॉडस्डन या गावी आधुनिक वास्तुशिल्पज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेथे दोशींच्या कानावर चंडीगढची हकीकत आली. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेल्यामुळे भारतातील पंजाबला राजधानी उरली नव्हती. म्हणून एक संपूर्ण नवे शहर वसवण्याचे ठरले होते आणि ते काम मूळचे स्वित्झर्लंडचे, पण पॅरिसमध्ये स्थायिक झालेले विख्यात वास्तुशिल्पज्ञ ल कॉर्बुझिए यांच्याकडे आले होते.

आपल्या देशातल्या इमारतींचे नकाशे इथे जवळच तयार होत आहेत हे कळल्यावर दोशींनी त्या कचेरीत काम मागितले. उत्तर आले, या. पण पहिले आठ महिने पगार मिळणार नाही. परका देश, फ्रेंच भाषेचा गंध नाही आणि हाती पैसा नाही. तरी हा चोवीस वर्षांचा विद्यार्थी गेला आणि १९५४ पर्यंत तेथे राहिला.

कचेरीत काय चाले?

पॅरिसच्या सेव्ह्र रस्त्यावरची ती कचेरी म्हणजे एका जुन्या मठाचा लांबच लांब, अरुंद बोळ होता. त्यात एकामागून एक चित्रफलक मांडलेले. निरनिराळ्या देशांतले तरुण तेथे काम करीत. त्यांपैकी झेनाकिस नावाचा ग्रीक इंजिनिअर पुढे संगीतकार म्हणून जगप्रसिद्ध झाला. ल कॉर्बुझिए सकाळी घरी चित्रे रंगवीत आणि दुपारी कचेरीत येत. मग एकेका फलकापाशी बसून ते रेघा तपासत, दुरुस्त करीत. दोशींना फ्रेंच येत नव्हते. त्यामुळे शब्दांनी अडलेले बरेचसे बोलणे पेन्सिलीने पुरे होई.

मोठी इमारत एका कागदावर कधीच मावत नाही. जमिनीवरची मांडणी दाखवणारा एक नकाशा, उभा छेद घेतल्यास काय दिसेल ते दाखवणारा दुसरा, बाहेरून दिसणाऱ्या चारही बाजूंचे आणखी चार. याशिवाय प्रत्येक जिना, दार आणि सांधा यांचे मोठ्या मापातले तपशील. त्यातली एक रेघ चुकली तर गवंडी भिंत चुकीच्या जागी बांधतो. म्हणून उमेदवाराचे पहिले शिक्षण असते ते आपण ओढलेल्या प्रत्येक रेघेचे कारण सांगता येणे.

भारतातल्या इमारतींच्या बाबतीत अनेक रेघांचे कारण एकच होते, ते म्हणजे ऊन. यासाठी त्या कचेरीत ‘हवामानाचा तक्ता’ तयार करण्यात आला. त्यात वर्षाच्या बारा महिन्यांचे तापमान, हवेतील दमटपणा, वारा आणि तापलेल्या पृष्ठभागांकडून येणारी उष्णता यांची नोंद केलेली असे. पुढच्या भागात, माणसाला बरे वाटावे म्हणून कोणत्या महिन्यात काय बदलायला हवे ते लिहीत. शेवटच्या भागात त्यावरचा उपाय: येथे सावली हवी, येथे वारा आत घ्यायला हवा. वैद्याने आधी नाडी पाहावी आणि मगच औषध द्यावे, तशी ही पद्धत होती.

छज्जा किती लांब हवा?

आता आपणही कागद-पेन्सिल घेऊ. क्षितिजापासून सूर्य जितके अंश वर दिसतो त्याला त्याचा उन्नतांश म्हणतात. सूर्य वर्षभर विषुववृत्तावर राहत नाही. २१ जूनच्या सुमारास तो २३.४ अंश उत्तरेला असतो, २२ डिसेंबरच्या सुमारास तितकाच दक्षिणेला, आणि मार्च व सप्टेंबरमध्ये एकेकदा बरोबर विषुववृत्तावर. या अंतराला क्रांती म्हणतात. उत्तरेकडची क्रांती अधिक आणि दक्षिणेकडची उणे धरली, तर मध्यान्हीचा हिशोब सोपा आहे:

उन्नतांश = ९० − गावाचा अक्षांश + सूर्याची क्रांती

अहमदाबादचा अक्षांश सुमारे २३ अंश. तेव्हा डिसेंबरमध्ये मध्यान्हीचा सूर्य ४३.६ अंशांवर, मार्चमध्ये ६७ अंशांवर आणि जूनमध्ये जवळजवळ डोक्यावर येतो.

समजा, दक्षिणेकडे १२० सेंमी उंचीची खिडकी आहे आणि तिच्या माथ्याशी ६० सेंमी पुढे आलेला छज्जा आहे. छज्ज्याची सावली किती खाली उतरेल ते काढण्यासाठी ६० ला उन्नतांशाच्या टॅन्जंटने गुणायचे. मार्चमध्ये उत्तर येते १४१ सेंमी, म्हणजे सगळी खिडकी सावलीत. जूनमध्ये तर ऊन खिडकीला लागतच नाही. डिसेंबरमध्ये मात्र सावली ५७ सेंमीच उतरते आणि खालच्या अर्ध्या भागातून ऊन आत येते. थंडीत ते हवेच असते! कोणतेही यंत्र न लावता, हातभर छज्जा उन्हाळ्यात ऊन अडवतो आणि हिवाळ्यात सोडतो.

हाच छज्जा आता पश्चिमेच्या खिडकीवर लावून पाहू. मे महिन्यात अहमदाबादला घड्याळात पाच वाजता सूर्य पश्चिमेला सुमारे ३० अंशांवर उतरलेला असतो. गुणाकार केला तर सावली फक्त ३५ सेंमी! म्हणजे १२० पैकी ८५ सेंमी खिडकीतून ऊन आत येणार. आणि मावळायला अजून दोन तास आहेत. सूर्य खाली जाईल तशी ती सावलीही कमी होत जाणार. तुमच्या वहीवर येणाऱ्या तिरिपीचे हे उत्तर आहे. पश्चिमेला आडवा छज्जा पुरत नाही. तेथे उभे आडोसे लागतात.

ऊन फोडणारी भिंत

अशा आडव्या-उभ्या काँक्रीटच्या आडोशांना ल कॉर्बुझिए ‘ब्रीझ-सोलेय’ म्हणत. या फ्रेंच शब्दाचा अर्थ ऊन फोडणारा. अहमदाबादच्या गिरणी मालक संघाच्या इमारतीत हे गणित डोळ्यांना दिसते. तिची पश्चिम बाजू रस्त्याकडे आणि पूर्व बाजू साबरमती नदीकडे आहे. पश्चिमेचे उभे पडदे तिरपे वळवले आहेत, त्यामुळे उतरत्या उन्हाला सरळ आत शिरता येत नाही. पूर्वेचे पडदे मात्र भिंतीशी काटकोनात आहेत, कारण तेथे नदीवरचा वारा आणि नदीचे दृश्य आत यायला हवे. उत्तर आणि दक्षिण बाजूंना बहुतेक विटांच्या बंद भिंती आहेत. एकाच इमारतीच्या चार बाजू सारख्या का नाहीत, याचे बरेचसे उत्तर वारा आणि सूर्य यांच्याकडे आहे.

चंडीगढच्या उच्च न्यायालयाचा दर्शनी भाग वायव्येकडे तोंड करून आहे. उन्हाळ्यात तेथे सूर्य नेमका पश्चिमेच्या उत्तरेला सरकून मावळतो, म्हणून या बाजूला काँक्रीटची खोल जाळी उभी केली आहे. या इमारतीला छपरेही दोन आहेत. वरचे प्रचंड छप्पर उघडलेल्या छत्रीसारखे साऱ्या इमारतीवर धरलेले आहे आणि त्याच्या खाली मोकळी जागा सोडून आतल्या खोल्यांचे छप्पर आहे. ऊन वरचे छप्पर झेलते. मधल्या पोकळीतून वारा वाहतो आणि उष्णता घेऊन जातो. कौले आणि राहत्या खोल्या यांच्यामध्ये माळा असलेल्या आपल्याकडच्या जुन्या घरांतही हेच तत्त्व आहे. पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या थेट खाली झोपून पाहिलेल्या कोणालाही माळ्याची किंमत कळेल.

गणित कुठे अपुरे पडले?

हे न्यायालय १९५५ मध्ये उभे राहिले. पण नकाशावर सुटलेले सारे प्रश्न प्रत्यक्षात सुटले नाहीत. उघड्या मार्गांत ऊन आणि पावसाचे सपकारे येत, म्हणून पुढे इमारतीच्या मागच्या बाजूला पडवी जोडावी लागली.

दुसरी अडचण काँक्रीटच्या गुणधर्मातच होती. जाड काँक्रीट दिवसभर उष्णता साठवते आणि सूर्य मावळल्यावर ती हळूहळू बाहेर टाकते. भिंतीला घट्ट जोडलेले आडोसे त्यातली काही उष्णता आतही पोचवतात. म्हणजे सावली मिळाली तरी सावली देणारी वस्तूच संध्याकाळी शेगडीसारखी होते. आपल्याकडचे चिकाचे पडदे किंवा वाळ्याचे ताटे पाहा. ते हलके असतात, फार उष्णता साठवत नाहीत आणि भिंतीपासून सुटे लटकतात. वाळ्यावर पाणी शिंपडले तर बाष्पीभवनाने हवा गारही होते. सावलीची दिशा भूमितीने ठरते. ती कशाची असावी हे ठरवायला उष्णतेचे शास्त्र लागते.

१९५४ मध्ये दोशी भारतात परतले ते ल कॉर्बुझिए यांच्या इमारतींच्या बांधकामावर देखरेख करण्यासाठी. कागदावर ओढलेल्या रेघा प्रत्यक्ष उन्हात कशा वागतात हे पाहण्याची ही संधी होती. पुढे ते अहमदाबादेतच स्थायिक झाले. १९५६ मध्ये त्यांनी स्वतःची कचेरी काढली आणि १९६२ मध्ये तेथे वास्तुकलेचे विद्यालय सुरू केले.

त्यांनी १९८० च्या सुमारास बांधलेली आपली कचेरी, ‘संगाथ’, पाहिली म्हणजे उमेदवारीत ते नेमके काय शिकले ते कळते. तेथे गुरूच्या काँक्रीटच्या जाळीची नक्कल नाही. लांब घुमटाकार छपरे आहेत आणि त्यांवर पांढऱ्या चिनी मातीचे तुकडे बसवले आहेत; पांढरा, गुळगुळीत पृष्ठभाग बरेचसे ऊन परत फेकतो. इमारतीचा काही भाग जमिनीत उतरवलेला आहे, कारण जमिनीच्या पोटातले तापमान वरच्या हवेइतके चढत-उतरत नाही. प्रश्न तोच, येथे सूर्य कसा वागतो हा. पण उत्तर स्वतःचे.

२०१८ मध्ये दोशींना वास्तुकलेतील प्रिट्झकर पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय होत. जानेवारी २०२३ मध्ये वयाच्या ९५ व्या वर्षी ते निवर्तले.

तुमची स्वतःची उमेदवारी

वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना आजही एक सत्र एखाद्या कचेरीत प्रत्यक्ष काम करावे लागते. आता सावल्या काढायला संगणक आहे. गावाचा अक्षांश आणि दिशा दिली की वर्षातल्या कोणत्याही दिवसाची सावली पडद्यावर उमटते. पण नकाशावरचा उत्तरेचा बाण चुकून उलटा पडला तर संगणक तक्रार न करता चुकीचे उत्तर देतो. ती चूक पकडायची तर सावली कोठे पडायला हवी हे उमेदवाराला आधीच ठाऊक असले पाहिजे.

ते शिकायला पॅरिसला जायला नको. शाळेच्या गच्चीवर एक मीटर लांबीची काठी ओळंब्याने सरळ उभी करा. साडेअकरापासून सव्वा वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करा. सावली सर्वांत आखूड असेल ती तुमच्या गावची खरी मध्यान्ह. ती घड्याळाच्या बारा वाजण्याशी सहसा जुळत नाही. ती आखूड सावली ज्या रेषेवर पडते ती तुमची दक्षिणोत्तर रेषा. दर महिन्याला एकदा हे करा आणि वर दिलेल्या सूत्राशी ताडून पाहा. पुण्यात २२ डिसेंबरला ही सावली सुमारे ९० सेंमी भरेल. मे महिन्याच्या मध्याला एके दिवशी ती नाहीशी होईल. आणि जूनमध्ये, आकाश मोकळे मिळाले तर, ती चक्क दक्षिणेकडे पडलेली दिसेल, कारण त्या दिवसांत पुण्याला मध्यान्हीचा सूर्य उत्तरेला असतो. चंडीगढला असे कधीच घडत नाही. म्हणूनच चंडीगढचा नकाशा पुण्याला जसाच्या तसा चालत नाही.

वर्षभराच्या खुणा जमल्या की त्या पश्चिमेच्या खिडकीकडे पुन्हा पाहा. तिला कोणता आडोसा, किती रुंद आणि कोणत्या दिशेला वळवलेला लावावा, याचा नकाशा काढा आणि प्रत्येक रेघेचे कारण शेजारी लिहा. मग तो मुख्याध्यापकांना दाखवा. पुढच्या मार्चमध्ये त्या बाकावर बसणाऱ्या मुलांच्या वह्यांवर कदाचित सावली असेल.