एक आणा, साल १८१८

तांब्याचं जाडजूड नाणं. एका अंगाला राम, सीता, लक्ष्मण आणि मारुती. दुसऱ्या अंगाला इंग्रजी अक्षरांत ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, ‘यूकेएल वन आना’ आणि साल १८१८. नांदेड-लातूरकडच्या देव्हाऱ्यांत हळदीकुंकवाने माखलेलं असं नाणं दिसलं की त्याच्यामागून एक समजूतही येते: कंपनी सरकारने देवाच्या नावाने पाडलेलं हे नाणं आज लाखोंना विकलं जातं.

कंपनीने ते पाडलेलंच नाही. तिच्या साऱ्या मुलखासाठी एकसारखी नाणी १८३५ साली सुरू झाली. तोवर बंगाल, मुंबई आणि मद्रास इलाख्यांची नाणी वेगवेगळी होती. १८३५च्या तांब्याच्या नाण्यांत अर्धा आणा होता, पाव आणा होता, पै होती. एक आणा नव्हता. एक आण्याचं नाणं लोकांच्या हातात यायला १९०७ साल उजाडलं. तेही तांब्या-निकेलचं आणि नागमोडी कडेचं. ‘यूकेएल’ ही अक्षरं तर कंपनीच्या कुठल्याच नाण्यावर नाहीत. १८१८चा ‘एक आणा’ म्हणजे बाळ जन्मायच्या आधी निघालेला जन्मदाखला.

शिवाय नांदेड आणि लातूर तेव्हा कंपनीच्या राज्यात नव्हतेच. हा मुलूख निजामाचा, आणि १७ सप्टेंबर १९४८पर्यंत तसाच राहिला. इथला व्यवहार निजामाच्या हाली शिक्क्याचा. इंग्रजांचा कलदार रुपया वेगळा आणि त्याचा भावही वेगळा. ‘पणजोबांच्या काळी आपल्या बाजारात हाच आणा चालायचा’ ही गोष्ट इथेच लंगडी पडते.

मग नाण्यावर देव कधी आलेच नाहीत का? आले, आणि थाटात आले. विजयनगरच्या तिरुमलरायाच्या सोन्याच्या नाण्यावर राम-सीता बसलेले आणि लक्ष्मण उभा आहे. अकबराने राज्याच्या शेवटच्या दिवसांत, १६०४-०५च्या सुमारास, धनुर्धारी राम आणि सीता असलेलं नाणं काढलं; त्यावर नागरीत ‘राम सीय’ अशी अक्षरं आहेत. मद्रासमध्ये खुद्द कंपनीनेच तिकडच्या रिवाजाप्रमाणे वेंकटेश आणि दोन देवींची छबी असलेला सोन्याचा होन पाडला. देव्हाऱ्यातल्या त्या आण्याची खोट रामाच्या चित्रात नाहीच, ती इंग्रजी मजकुरात आहे.

हा खोटा आणा ज्या खऱ्या परंपरेची नक्कल करतो, तिचं नाव रामटंका. नाण्यासारखा गोल, पण चलन नव्हे. सोनार-ओतारी तो सोन्या-चांदीत किंवा पितळेत पूजेसाठी घडवत; तीर्थक्षेत्री तो प्रसादासारखा मिळे. काहींवर रामदरबाराच्या मागच्या बाजूला अंकांचं यंत्र असतं. त्यावर किंमत छापलेली नसते, कारण त्याने काही विकत घ्यायचंच नसतं. हजारो वर्षांपूर्वीची सालं कोरलेले रामटंकेही दिसतात. ती श्रद्धेची सालं. टांकसाळीशी त्यांचा संबंध नाही.

शीख यात्रेकरूंच्या घरी दिसणाऱ्या मुद्रांचंही असंच. एका बाजूला साथीदार बाला-मर्दानासह गुरू नानक, दुसऱ्या बाजूला गुरू गोविंदसिंग आणि साल विक्रम संवत १८०४, म्हणजे इसवी सन १७४७. लोक तिला ‘शीख राज्याचा रुपया’ म्हणतात. प्रत्यक्षात या मुद्रा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर घडवल्या गेल्या. नांदेडला १७०८ साली गुरू गोविंदसिंगांना भेटून पंजाबकडे निघालेल्या बंदासिंग बहादूर यांच्या नावे सांगितली जाणारी नाणी काय किंवा रणजितसिंहांचे रुपये काय, त्यांवर सहसा गुरूंची छबी नसते, फारसी मजकूर असतो. याउलट, २००८ साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त केंद्र सरकारने काढलेलं शंभर रुपयांचं नाणं खरोखरच नाणं आहे. ते स्मारक म्हणून निघालं. किराणा दुकानात चालवायला नव्हे.

श्रद्धेपोटी मुद्रा घडवण्याची ही चाल आपल्याकडचीच, असंही नाही. चीनमध्ये हान राजवटीपासून भूतबाधा टाळायला, मूल व्हायला, परीक्षेत यश मिळायला नाण्यासारख्या मुद्रा ओतल्या जात. वटवाघूळ आपल्याकडे अपशकुनी. तिकडे त्याच्या नावाचा उच्चार ‘सौभाग्य’ या शब्दासारखा, म्हणून ते अशा मुद्रांवर ऐटीत पंख पसरतं. आज फेंगशुईच्या दुकानात लाल दोऱ्यात ओवून मिळणारी तीन नाणी बहुतेक वेळा चिंग बादशहांच्या चलनी नाण्यांची नवी नक्कल असते. त्यांच्या चौकोनी भोकात गूढ शोधण्याची गरज नाही. गोल आकाश, चौकोनी पृथ्वी हा अर्थ चिनी लोक सांगतात खरा. पण ओतलेली नाणी चौकोनी सळईत घट्ट बसवली की कडा घासताना ती फिरत नाहीत, हेही तितकंच खरं.

आपल्याकडचं भोकाचं नाणं याहून साधं. १९४३ ते १९४७ या काळात इंग्रज सरकारने आणि त्याच सुमारास निजामानेही मधे भोक असलेली काशाची छोटी नाणी काढली, ती धातूच्या टंचाईमुळे. लेकराच्या करदोड्यात ओवायला ती सोयीची पडली, ही पुढची गोष्ट.

निजामाच्या नाण्यांवरचा ‘९२’ हा आकडाही लोकांना चकवतो. ते साल नाही. अरबी अक्षरांना अंक देण्याच्या पद्धतीत ‘मुहम्मद’ या नावाची बेरीज ९२ येते. त्याच नाण्यांवरच्या चारमिनारच्या कमानीतलं छोटं अक्षर म्हणजे त्या त्या निजामाच्या नावाचं आद्याक्षर. अस्सल चलनातही श्रद्धा मुरलेली असते, ती अशी.

गैरसमज घरात राहिला तर फारसं बिघडत नाही. तो बाजारात उतरला की बिघडतं. जुनं नाणं तांदूळ ओढून घेतं, परदेशी संशोधन संस्था त्याला कोट्यवधी देते, अशी थाप मारणाऱ्या ‘राइस पुलर’ टोळ्यांवर देशभर गुन्हे दाखल झाले आहेत. तांदळाला लोहचूर्ण फासायचं आणि वस्तूत चुंबक दडवायचं, एवढीच ती जादू. जुन्या नाण्यांच्या विक्रीसाठी आपल्या नावाने शुल्क आणि कमिशन उकळलं जात असल्याचं लक्षात आल्यावर रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये जाहीर केलं, की ती असा व्यवहार करत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही.

भाव चढवायला विक्रेत्याची एक ठरलेली ओळ असते: ‘शेत नांगरताना हंड्यात सापडलं.’ हे खोटं असेल तर गिऱ्हाईक फसतं. खरं असेल तर विक्रेताच अडकतो. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावाच लागतो. कळवणाऱ्याला कायद्याने वाटा मिळू शकतो. लपवणाऱ्याचा वाटा जातो आणि त्याला कैदही होऊ शकते.