खरेदीखत लिहिणं हीसुद्धा विद्याच!

इसारपावती हाती आली की घर आपलं झालं, असं समजू नका. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार नुसत्या कराराने मालकी मिळत नाही; नोंदवलेलं खरेदीखतच हवं. सह्या झाल्यापासून चार महिन्यांत ते नोंदणीसाठी हजर करावं लागतं.

ब्रिटनमध्ये १९८५च्या कायद्याने या कामासाठी वकिलांहून वेगळा परवाना सुरू झाला. मध्य प्रदेशात परवानाधारक सेवा प्रदाता ‘संपदा’ या संगणकीय व्यवस्थेत दस्त तयार करतात. पण संगणक शिकणं सोपं (तो चूक दाखवतो तरी!), कायदा शिकणं अवघड. जबलपूरच्या रिछाईसारख्या औद्योगिक वसाहतीत भूखंड सहसा भाडेपट्ट्याने दिलेला असतो. तो घेणाऱ्याला जमीन नव्हे, पट्ट्याची उरलेली मुदत मिळते. म्हणून शिकणाऱ्याने आधी मूळ पट्टा वाचावा, मग चतुःसीमा जागेवर जाऊन ताडून पाहाव्यात.