सावरलेली पत आणि रोजच्या खरेदीचे क्रेडिट कार्ड

२०१६ ची नोटबंदी आणि २०२० ची टाळेबंदी या दोन धक्क्यांत आपल्या अनेक व्यापारी व कारागीर बांधवांचे बँकेचे हप्ते थकले. धारणीसारख्या गावात तर वर्षाची निम्मी कमाई होळीच्या बाजारावर. २०२० साली होळी आटोपली आणि पंधरवड्यात दुकानांना टाळे लागले. त्यानंतर ज्यांनी कर्ज फेडले, त्यांची पत आता सावरली आहे. अशांना बँकांचे फोन येऊ लागले आहेत : "कार्ड घ्या, खरेदीवर बक्षीस मिळवा." ते घ्यावे का, आणि कोणते घ्यावे, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

प्रथम आपला पत-अहवाल पाहावा. सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सिबिलचे गुण ३०० ते ९०० असतात. फेडलेल्या कर्जापुढे 'सेटल्ड' किंवा 'रिटन ऑफ' असा शेरा तर नाही ना, हे तपासावे. पूर्ण फेड होऊनही चुकीचा शेरा असेल तर तक्रार नोंदवावी. ३० दिवसांत निवारण झाले नाही तर पुढे दररोज १०० रुपये भरपाईचा हक्क आहे. एकाच महिन्यात चार बँकांकडे अर्ज करू नयेत. प्रत्येक चौकशीची नोंद होते. गुण अजून कमी असतील तर मुदतठेवीवर मिळणारे कार्ड बरे.

आता बक्षिसाचा हिशेब. "शंभर रुपयांना एक पॉइंट" हे ऐकायला गोड वाटते. पण पॉइंटची किंमत २५ पैसे असेल तर शंभरामागे चार आणेच हाती येतात. म्हणून पॉइंटची रुपयांतली किंमत आधी विचारावी. थेट रोख परतावा देणारे कार्ड समजायला सोपे. समजा वार्षिक फी ५०० रुपये. तीवर १८ टक्के जीएसटी धरून ५९० झाले. परतावा १ टक्का असेल तर ५९,००० रुपयांची खरेदी केल्यावर फक्त फी वसूल होते. ज्याच्या घरचा कार्डावरील खर्च महिना पाच हजारांच्या आत आहे, त्याने बिनाफीचेच कार्ड घ्यावे.

परतावा कशावर मिळत नाही, ती यादीही वाचावी. पेट्रोल, भाडे, विमा, वीजबिल हे खर्च पुष्कळ कार्डांत वगळलेले असतात. विमानतळाच्या विश्रामकक्षाची सवलत धारणीच्या दुकानदाराला काय कामाची? त्यापेक्षा किराणा आणि औषधे यांवर परतावा देणारे कार्ड पाहावे. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते आणि दुकानातल्या क्यूआरवर चालते. कार्डाचे यंत्र नसलेल्या लहान गावात ही मोठी सोय आहे. मात्र अशा खरेदीवर परतावा मिळतो की नाही, हे विचारून घ्यावे.

खरा धोका व्याजाचा आहे. दहा हजारांचे बिल आले आणि 'किमान रक्कम' म्हणून ५०० रुपये भरले, तर उरलेल्या साडेनऊ हजारांवर दरमहा साडेतीन टक्क्यांनी व्याज व त्यावरील जीएसटी मिळून सुमारे ३९० रुपये होतात. त्याच खरेदीचा परतावा मात्र १०० रुपये! शिवाय व्याज खरेदीच्या तारखेपासून लागते आणि नव्या खरेदीचीही बिनव्याजी मुदत जाते. कार्डावर रोकड काढली तर व्याज त्याच दिवशी सुरू.

आपल्यासाठी हा प्रश्न केवळ पैशांचा नाही. व्याज हराम आहे आणि कार्डाच्या करारात उशीर झाल्यास व्याज देण्याची अट असते. असा करार करावा की नाही, यावर उलेमांत मतभेद आहेत. सही करण्यापूर्वी आपल्या मुफ्ती साहेबांना करारातील अट दाखवून विचारावे. ज्याला खात्री नाही, त्याचे काम डेबिट कार्डावरही चालते.

घेतलेच तर हे नियम पाळावेत. खात्यातून पूर्ण रक्कम आपोआप वळती होण्याची सूचना बँकेला द्यावी. 'किमान रक्कम' लिहून देऊ नये. मर्यादा २०,००० असेल तर ६,००० च्या आत खर्च ठेवावा, म्हणजे गुण टिकतात. दुकानाचा माल या कार्डावर भरू नये. माल उधारीवर जातो, वसुली होळीला होते. बँक तोवर थांबत नाही. ओळखीच्या दुकानात कार्ड घासून रोकड घेण्याचा प्रकार तर दोघांनाही गोत्यात आणतो.

कार्ड नकोसे झाले तर बाकी भरून लेखी कळवावे. सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने ते बंद केले नाही, तर पुढे दररोज ५०० रुपये दंड तिने ग्राहकाला द्यावा, असा २०२२ चा नियम आहे.

सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचे कर्ज लिहून ठेवण्याचा आदेश आहे. तेव्हा कार्डाची प्रत्येक खरेदी रोजच्या वहीत उधार म्हणूनच मांडावी. वहीत लिहिलेली रक्कम घरात शिल्लक असेल तेवढीच खरेदी कार्डावर करावी. इन्शाअल्लाह, मेहनतीने सावरलेली पत पुन्हा ढळणार नाही.