मनीच्या पोटाला जरा वेळ द्या!

दोस्तांनो, मांजर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? दुधाची वाटी, हो ना? पण खरं सांगू? बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध नीट पचतच नाही!

पिल्लाच्या आतड्यात लॅक्टेज नावाचं विकर भरपूर असतं. दुधातल्या साखरेचे, म्हणजे लॅक्टोजचे, ते तुकडे करतं. पिल्लू आईचं दूध प्यायचं थांबलं की हे विकर कमी कमी होत जातं. मग मोठेपणी वाटीभर दूध प्यायलं, तर लॅक्टोज तसंच पुढे सरकतं. ते आतड्यात पाणी ओढून घेतं, जीवाणू ते आंबवतात, वायू तयार होतो. पोटात गुडगुड आणि मग जुलाब!

आता एक गंमत करून बघा. पोळीचा घास खूप वेळ चावा. गोडसर लागला ना? आपल्या लाळेतल्या अमायलेज नावाच्या विकरानं पिठाची साखर केली. मांजराच्या लाळेत अमायलेज नसतं. शिवाय मांजराला गोड चवच कळत नाही! गोड ओळखणाऱ्या यंत्रणेतला एक जनुक मांजरांमध्ये निकामी आहे, हे शास्त्रज्ञांनी 2005 मध्ये दाखवून दिलं. वाघ-सिंहांची ही भाचरं पक्की मांसाहारी. त्यांना टॉरिन नावाचा पदार्थ लागतो. तो मांस-मासळीत असतो, पोळीत नसतो. टॉरिन कमी पडलं, तर मांजराचे डोळे आणि हृदय दुबळे होतात. म्हणून नुसत्या दूध-पोळीवर मांजर वाढवू नये.

‘मग आजच दूध-पोळी बंद, उद्यापासून कॅट फूड!’ थांबा, थांबा! खाणं कितीही चांगलं असलं, तरी एका रात्रीत बदललं की पोट बिघडू शकतं. का बरं? मांजराच्या आतड्यात असंख्य जीवाणू राहतात. रोज जे खाणं येतं, त्यावर जगणारे जीवाणू तिथे जास्त वाढतात. खाणं अचानक बदललं की जुन्यांची उपासमार होते आणि नवे अजून पुरेसे वाढलेले नसतात. नव्या शाळेत रुळायला तुम्हालाही आठवडा लागतोच की!

म्हणून ही चार चमच्यांची युक्ती. पहिले दोन दिवस तीन चमचे जुनं खाणं, एक चमचा नवं. पुढचे दोन दिवस दोन-दोन चमचे. मग दोन दिवस एक चमचा जुनं, तीन चमचे नवं. सातव्या दिवशी सगळं नवं. मध्येच शी पातळ झाली, तर एक पायरी मागे या आणि दोन-तीन दिवस तिथेच थांबा. नाजूक पोटाच्या मांजराला दहा दिवस किंवा आणखी जास्तही लागतात. स्वच्छ पाण्याची वाटी मात्र कायम भरलेली हवी, कारण जुलाबात अंगातलं पाणी जातं.

‘पोट बिघडलंय ना, मग राहू दे उपाशी,’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही, तर मांजराच्या यकृतात चरबी साठून ते गंभीर आजारी पडू शकतं. लठ्ठ मांजरांना हा धोका जास्त. आपल्या ताटातला कांदा-लसणाचा रस्सा देऊ नका, त्यानं मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. आणि आपली औषधं तर नाहीच नाही! पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

शीमध्ये रक्त दिसलं, उलट्या थांबेनात, जुलाब दुसऱ्या दिवशीही चालूच राहिले किंवा मांजर मलूल होऊन दिवसभर जेवलंच नाही, तर मोठ्यांना सांगून प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जा. लहान पिल्लू असेल, तर एक दिवससुद्धा वाट पाहू नका.

आणि हो, घरी नवं मांजर आणायचं ठरलं, तर देणाऱ्याला आधी विचारा, “हे आजवर काय खात होतं?” पहिले काही दिवस त्याला तेच द्या आणि मग चार चमच्यांची युक्ती सुरू करा.