दुरुस्तीनंतर गाडी तापते तेव्हा...

इंजिनाचे हेड खोलून गॅस्केट बदलले, वॉटर पंप नवा बसवला, पट्टा ताणून घेतला. अंगणात गाडी उत्तम चालली. मात्र मोताळ्याहून बुलडाण्याकडे निघाल्यावर राजूर घाटात तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकू लागला. घरच्या घरी दुरुस्ती करणाऱ्या हौशी वाहनधारकांच्या वाट्याला हा अनुभव अनेकदा येतो आणि मग रेडिएटर बदलावा की थर्मोस्टॅट काढून फेकावा, या विवंचनेत नाहक पैसे खर्च होतात. दुरुस्तीपूर्वी न तापणारी गाडी दुरुस्तीनंतर तापू लागली असेल, तर जुन्या भागांवर संशय घेण्याआधी काय उघडले होते आणि परत भरताना आत काय गेले, हे पाहणे शहाणपणाचे. आत गेलेल्या अनिष्ट गोष्टी बहुधा दोनच असतात. एक हवा आणि दुसरे खारे पाणी.

इंजिनाभोवती फिरणारे द्रव झाकणबंद यंत्रणेत दाबाखाली असते. साधे पाणी समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सिअसला उकळते. निम्मे कूलंट, निम्मे पाणी आणि धडधाकट झाकण असेल, तर हीच मर्यादा १२० अंशांच्या पुढे जाते. झाकणाचे रबर कडक झाले वा होजची क्लिप सैल राहिली, तर दाब टिकत नाही आणि द्रव लवकर उकळू लागते. थर्मोस्टॅट साधारणपणे ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो. तोपर्यंत द्रव रेडिएटरकडे जातच नाही. घरगुती दुरुस्तीतील बहुतेक फसगतीचे मूळ या शेवटच्या बाबीत आहे. थंड इंजिनात रेडिएटर काठोकाठ भरल्यासारखा दिसतो, मात्र बंद थर्मोस्टॅटच्या मागे, हेडच्या वरच्या पोकळीत आणि हीटरच्या नळ्यांत हवा अडकून राहते. मेकॅनिक मंडळी यालाच ‘एअर लॉक’ म्हणतात.

त्याची लक्षणे ओळखता येतात. काटा एकदम वर जातो आणि तितक्याच वेगाने खाली येतो. डॅशबोर्डच्या मागे पाणी खळखळल्यासारखा आवाज येतो. इंजिन तापलेले असूनही हीटरमधून गार हवा येते. काटा खाली आला म्हणून मात्र हायसे वाटू देऊ नये. तापमान मोजणारा सेन्सर द्रवाऐवजी हवेच्या पोकळीत सापडला, तर इंजिन होरपळत असतानाही काटा खोटे सांगतो.

हवा काढण्यासाठी गाडीचे तोंड चढाकडे करून उभी करावी, हीटर पूर्ण गरमवर ठेवावा आणि थंड इंजिनात द्रव सावकाश ओतावे. हवा सोडण्याचा स्क्रू असेल, तर त्यातून अखंड धार येईपर्यंत तो उघडा ठेवावा. मग झाकण न लावता इंजिन संथ चालवावे. थर्मोस्टॅट उघडताच पातळी अचानक खाली जाते; तेवढी भर घालून बुडबुडे थांबल्यावर झाकण लावावे. काही गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसते, तिथे बाजूच्या दाबाच्या टाकीतून भरावे लागते. गाडीची पुस्तिका इथे शेजाऱ्याच्या सल्ल्यापेक्षा उपयोगी पडते. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, पातळी पुन्हा पाहावी.

गाडी कुठे तापते, यावरूनही दोषाचा माग लागतो आणि बुलडाणा जिल्ह्यात त्यासाठी दोन आयत्या कसोट्या आहेत. मलकापूर समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास, तर बुलडाणा शहर सुमारे साडेसहाशे मीटरवर. राजूर घाटात गाडी खालच्या गिअरमध्ये, कमी वेगाने चढते. इंजिनावर भार पुष्कळ आणि समोरून येणारा वारा नगण्य, त्यामुळे सारी भिस्त पंख्यावर. घाटात किंवा बाजारपेठेच्या गर्दीत तापणारी गाडी मोकळ्या रस्त्यावर निवत असेल, तर आधी पंखा पाहावा. दुरुस्तीच्या वेळी काढलेला त्याचा जोड परत लावायचा राहून जाणे, ही अगदी नित्याची चूक. बहुतेक गाड्यांत एसी सुरू करताच पंखा फिरतो. न फिरल्यास जोड, फ्यूज व रिले तपासावेत. याउलट समृद्धी महामार्गावर मेहकर-सिंदखेडराजा पट्ट्यात सलग शंभराच्या वेगाने जाताना काटा हळूहळू चढत असेल, तर पंखा निर्दोष समजावा. वारा भरपूर असूनही उष्णता बाहेर पडत नाही, म्हणजे रेडिएटर चोंदला आहे, अथवा थर्मोस्टॅट उलटा बसला आहे वा अडकला आहे. इंजिन तापल्यावर वरचा होज चटका देणारा आणि खालचा गार लागला, तर द्रव फिरत नाही हे निश्चित. (हात लावताना इंजिन बंद असावे, पंखा केव्हाही सुरू होऊ शकतो.)

उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाकण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. ती सोडलेली बरी. काही इंजिनांत थर्मोस्टॅट नसल्यास बगलेचा मार्ग उघडाच राहतो आणि गरम द्रव रेडिएटर टाळून पुन्हा इंजिनात शिरते. थंडाव्यासाठी केलेला उपाय तापच वाढवतो.

आता पाण्याविषयी. पूर्णा नदीच्या दोन्ही तीरांवर अकोला, अमरावती व बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा सर्वांना ठाऊक आहे. शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतील अनेक गावांत विहिरीचे पाणी पिता येत नाही, पिकाला देता येत नाही. रेडिएटरमध्ये मात्र तेच बादलीने ओतले जाते. जड पाणी तापले की त्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, चहाच्या भांड्याला बसतो तसा पांढरा थर धरतात आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या आतून अरुंद होतात. क्लोराइड अ‍ॅल्युमिनियमला खाते. जुन्या अ‍ॅम्बॅसेडरचा पितळी रेडिएटर डाग देऊन पुन्हा उभा करता येई; आजच्या गाड्यांची अ‍ॅल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकची टाकी सहसा बदलावीच लागते. पेट्रोलपंपावर बॅटरीसाठी मिळणाऱ्या डिस्टिल्ड पाण्याचे दोन-तीन डबे त्यापुढे फारच स्वस्त.

हवा काढली, पंखा फिरतो, पाणी शुद्ध आहे, तरीही पातळी रोज घटते आणि बाहेर कुठे गळती दिसत नाही, तर संशय हेड गॅस्केटवर जातो. थंड इंजिन सुरू करताच टाकीत सतत बुडबुडे येणे, मिनिटभरात होज दगडासारखा कडक होणे, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर निघत राहणे, ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय दिसणे ही त्याची चिन्हे. हेडचे बोल्ट ठरावीक क्रमाने, टॉर्क पान्याने आवळले नसतील किंवा वाकलेल्या हेडचे फेसिंग न करता नवे गॅस्केट बसवले असेल, तर ते टिकत नाही. इथे अंगणातली दुरुस्ती थांबवून गाडी वर्कशॉपमध्ये ओढून न्यावी. चालवत नेऊ नये.

रस्त्यात वाफ दिसू लागल्यास एसी बंद करून गाडी कडेला घ्यावी, इंजिन थांबवावे आणि किमान अर्धा तास झाकणाला हात लावू नये. दाबाखालचे उकळते द्रव उसळून चेहरा व हात गंभीर भाजतात. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो. काढलेले जुने कूलंटही अंगणात सांडू देऊ नये. चवीला गोड असल्याने कुत्री-मांजरे ते चाटतात, आणि ते विषारी असते. झाकणबंद डब्यात, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवून ते गॅरेजवाल्याकडे सोपवावे.